'तंत्रस्नेही' शिक्षक: तंत्र कुठलं अन् यंत्र कुठलं?

मांजराकाठ: जिल्हा परिषदेच्या शाळांत 'तंत्रस्नेही शिक्षक' हा शब्द चांगलाच रुळलाय. अर्थ मात्र 'प्रोजेक्टर, टॅब चालवता येणारा' एवढाच घेतात. मग सरळ 'यंत्रस्नेही' का म्हणू नये? शिवाय 'पर्यावरणस्नेही पिशवी' म्हणजे पर्यावरणाला अपाय न करणारी. त्या चालीवर हा तंत्राला अपाय न करणारा शिक्षक झाला!

धोटा: 'स्नेही' म्हणजे मित्र, ते चालून जाईल. घोटाळा 'तंत्र'मध्ये आहे. धातू तन्, ताणणे. संस्कृतात तंत्र म्हणजे माग, त्यावरचे उभे धागेसुद्धा. पैठणात मागावर आधी ताणा (उभे धागे) चढतो, बाणा (आडवे धागे) मागून. ताण्यातले धागे सैल राहिले की वरची नक्षी कितीही नाजूक असो, पोत तिथं ढिला पडतो. यंत्र यम् धातूवरून, म्हणजे आवरणे, ताब्यात ठेवणे. 'टेक्नॉलॉजी'तला ग्रीक 'टेक्ने'सुद्धा कसबाला म्हणत, वस्तूला नव्हे.

पाटीपेन्सिल: अपूर्णांकावर लावून बघा. पाटी हे साधन, टॅब हे यंत्र. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे म्हणजे तंत्र. सातची औटकी, म्हणजे सातची साडेतीनपट, साडेचोवीस, तोंडी. लाइट गेली की पडद्यावरची भाकरी अर्ध्यात थांबते. कागदाला दोन घड्या घालून चतकोर दाखवणाऱ्या बाईंचा तास चालूच राहतो. त्यातही एक खोट आहे. पोरं भाग सोडून घड्या मोजतात, दर घडीला दोन भाग धरून. तीन घड्या घातल्या की 'सहा भाग' म्हणतात, असतात आठ. म्हणून दर घडीला कागद उलगडायचा, मोडीवर रेघ ओढायची, भाग मोजायचे, मगच पुढची घडी.

मांजराकाठ: पटलं. पण यंत्रही तंत्र वाकवतं की ओ. ॲपला पर्याय तपासणं सोपं, म्हणून गुरुजी हळूहळू पर्यायाचेच प्रश्न काढायला लागतात. पोरानं 3/4 + 1/4 चं 4/8 केलं, तर ॲप नुसतं 'चूक' म्हणतं. वरचे वर, खालचे खाली मिळवले हे वहीतच दिसतं.

पाटीपेन्सिल: मग 4/8 हाच एक पर्याय ठेवायचा. चुकीचे पर्याय मनाला येतील ते नकोत, पोरांच्या वह्यांतल्या नेहमीच्या चुकांतून उचलायचे. कोणता पर्याय किती जणांनी धरला यावरून उद्या काय शिकवायचं ते ठरतं. यंत्र तेच, तंत्र बदललं.

धोटा: पेरणीच्या तिफणीचं बघा. चाड्यावरची, म्हणजे बी सोडायच्या वाटीवरची, मूठ हे तंत्र. ओल्या मातीनं एक नळी बुजली तर मूठ कितीही सरावाची असो, ते तास (पेरणीची ओळ) कोरडं जातं, अन् कळतं उगवण झाल्यावर. शेतातलं 'ते तास' अन् शाळेतला 'तो तास', दोन्हींना हे लागू. मधेच थांबून नळी बघावी लागते. म्हणजे यंत्राची ओळख पाहिजे, पण तेवढ्यावर कुणी तंत्रस्नेही ठरत नाही.

मांजराकाठ: मग नुसता टॅब चालवणाऱ्याला 'यंत्रकुशल' म्हणावं?

पाटीपेन्सिल: नको, आयटीआयचा फिटर डोळ्यापुढं येतो. 'टॅब चालवता येतो' असंच लिहा, त्याला शब्द कशाला पाहिजे?