सांडव्याच्या मॉडेलमधील पाणी फेसाळत नाही. मग त्यावरून काढलेली भिंतींची उंची ग्राह्य धरावी का?

प्रश्न : जलमापी

एम.टेक.च्या प्रकल्पासाठी आम्ही ओजी सांडव्याच्या (धरणातील जादा पाणी सोडणाऱ्या, S आकाराच्या वक्र बांधकामाच्या) 1:50 प्रमाणाच्या मॉडेलवर चाचण्या घेत आहोत. पूर्ण विसर्गाच्या वेळीही उतारावरील पाणी काचेसारखे नितळ दिसते. प्रत्यक्ष धरणावर मात्र तेच पाणी पांढरेशुभ्र फेसाळत उतरते. असे असताना पॉइंट गेजने (पाण्याची पातळी मोजणाऱ्या टोकदार पट्टीने) मोजलेल्या खोलीला 50 ने गुणून बाजूच्या भिंतींची उंची ठरवणे कितपत योग्य आहे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : टेलवॉटर

आपली शंका रास्त आहे. सांडव्यावरील प्रवाह गुरुत्वाकर्षणामुळे वाहतो, म्हणून मॉडेल फ्राउड अंक (जडत्व व गुरुत्व यांचे गुणोत्तर) सारखा ठेवून बांधले जाते. 1:50 प्रमाणात प्रत्यक्षातील वेग मॉडेलच्या सुमारे 7.07 पट आणि विसर्ग सुमारे 17,678 पट असतो, म्हणजे सेकंदाला 3,000 घनमीटरचा पूर मॉडेलमध्ये जेमतेम 170 लिटरवर येतो. परंतु दोन्हीकडे द्रव पाणीच असल्यामुळे मॉडेलमध्ये रेनॉल्ड्स अंक (जडत्व व स्निग्धता, म्हणजे चिकटपणा, यांचे गुणोत्तर) सुमारे 354 पटीने आणि वेबर अंक (जडत्व व पृष्ठताण यांचे गुणोत्तर) 2,500 पटीने घटतो. पृष्ठताण तुलनेने इतका प्रबळ ठरतो की पृष्ठभाग फाटून हवा आत शिरतच नाही. त्यामुळे आपण मोजलेली खोली ही हवाविरहित पाण्याची आहे असे समजावे, हवेमुळे होणारी फुगवण अनुभवसिद्ध सूत्रांनी स्वतंत्रपणे काढून तीत मिळवावी आणि त्यावर मोकळी उंची (सुरक्षिततेसाठी पाण्याच्या वर राखलेली जादा भिंत) ठेवावी.

दाबाच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. पिझोमीटरवर (पाण्याचा दाब स्तंभाच्या उंचीत दाखवणाऱ्या नळीवर) उणे 10 सेंटिमीटर, म्हणजे हवेच्या दाबापेक्षा कमी, वाचन आले, तर मॉडेलमध्ये काहीही विपरीत घडताना दिसत नाही; प्रत्यक्षात मात्र ते उणे 5 मीटर होते, शिवाय पिझोमीटर सरासरी दाखवत असल्याने क्षणिक दाब त्याहूनही खाली गेलेला असू शकतो. प्रयोगशाळेतील हवेचा दाब काही 50 पटीने कमी केलेला नसतो, म्हणून 'मॉडेलमध्ये कॅव्हिटेशन (फार कमी दाबाने पाण्यात वाफेचे बुडबुडे होऊन फुटणे) दिसले नाही' या वाक्याला अहवालात काडीचाही अर्थ नाही.

उत्तर : गाळमोरी

मग थेट सीएफडी (संगणकावर प्रवाहाचे गणित) करावे; प्रमाणाचा प्रश्नच उरत नाही.

उत्तर : टेलवॉटर

इतके सरळ नाही. हवेचे बुडबुडे गणनेच्या जाळीपेक्षा लहान असतात, त्यामुळे हवेचे प्रमाण तिथेही अनुभवसिद्ध गुणांकांवरच अवलंबून राहते. सीएफडीचा खरा उपयोग असा, की तेच गणित आधी मॉडेलच्या मापात चालवून प्रयोगाशी ताडून पाहावे, मग पूर्ण मापात चालवावे आणि दोन्ही निकालांत कुठे तफावत पडते ते तपासावे. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रातही भौतिक आणि गणिती अशा दोन्ही प्रकारची मॉडेल वापरली जातात.

प्रश्नकर्ता : जलमापी

आभारी आहे. विसर्ग गुणांक (माथ्यावरील पाण्याच्या उंचीवरून विसर्ग काढण्याचा गुणांक) तरी सर्व पातळ्यांना विश्वासार्ह मानावा का?

उत्तर : टेलवॉटर

मोठ्या पुरासाठी होय. माथ्यावर प्रत्यक्षात 1 मीटर पाणी असेल, तर मॉडेलमध्ये ते 2 सेंटिमीटरच असते आणि तिथे पृष्ठताण व स्निग्धता गुणांक बिघडवतात. ही वाचने आलेखात वेगळ्या खुणेने दाखवावीत, आणि तो भाग आवश्यकच असेल, तर केवळ माथ्याचे मोठ्या प्रमाणाचे छेद मॉडेल (सांडव्याच्या एका पट्टीचे मॉडेल) काचेच्या फ्लूममध्ये (चाचणीच्या पाण्याच्या नालीत) बसवावे.