फॉल गाईज सात वर्षांच्या मुलाला चालेल का?

४०२, आई: नमस्कार मंडळी. आमच्या लेकाला (वय ७) मित्राकडे फॉल गाईज हा व्हिडिओ गेम खेळायला मिळाला आणि तेव्हापासून घरी हवं म्हणून डोकं खातोय. कुणाची मुलं खेळतात का? या वयाला चालेल? मी दोन मिनिटं पाहिलं, सगळे नुसते धडपडत होते.

२०१, काका: ढकलायचं, पाडायचं, वर हसायचं. एवढंच शिकवायचं राहिलं होतं मुलांना.

५०४, दादा: काका, मारामारी नाहीये त्यात. बंदूक नाही, रक्त नाही. घेवड्याच्या दाण्याला हातपाय फुटावेत तसे गुबगुबीत गडी असतात. अडथळ्यांची शर्यत लावायची, फिरत्या दांड्यांचे फटके चुकवायचे. पडलं की थोड्या मागून पुन्हा सुरू, काही राउंडमध्ये थेट बाद. उडी, झेप आणि पकड एवढंच जमावं लागतं. शेवटी जो टिकतो त्याला मुकुट.

२०१, काका: म्हणजे तो जपानी कार्यक्रम होता, लोक चिखलात आपटायचे, तसं काहीतरी?

५०४, दादा: तोच! टाकेशीज कॅसल, १९८६ ते १९९०. गेम बनवणाऱ्या मीडियाटॉनिकने असल्याच कार्यक्रमांवरून कल्पना घेतली.

२०१, काका: तो मी हसून हसून पाहायचो.

३०३, ताई: मग काका, आता का तक्रार?

२०१, काका: त्यात खरी माणसं होती. लागतं हे दिसायचं तरी.

३०३, ताई: हा मुद्दा मात्र बरोबर आहे हं. मी लहान मुलांना शिकवते म्हणून सांगते. पाचेक वर्षांची मुलं गेममधली झेप सोफ्यावरून मारून बघतात. सात वर्षांच्या मुलाला एकदा नीट सांगितलं की कळतं. पडण्यापडण्याची मला काळजी नाही, उलट पडून खिदळणारं मूल मला आवडतं. बाकीचं काय आहे ते बघा.

सेक्रेटरी: उद्या सकाळी टाकी धुणार आहेत, पाणी भरून ठेवावे. 🙏 चर्चा चालू द्या.

४०२, आई: बाकीचं म्हणजे काय ताई? वयाचा शिक्का तर अगदी छोट्यांचा आहे ना?

५०४, दादा: हो, गेमना वयाचे शिक्के देणाऱ्या संस्था असतात. युरोपात पेगीचा ३, म्हणजे तीन वर्षांपासून पुढे, आणि अमेरिकेत ईएसआरबीचा ‘ई’, म्हणजे सर्वांसाठी.

३०३, ताई: तो शिक्का पडद्यावर काय दिसतं त्याचा. खेळताना समोरचा अनोळखी माणूस काय बोलेल ते ईएसआरबी मोजतच नाही, तसं ते स्वतःच लिहितात. मूल व्हॉइस चॅटवर कुणाशी बोलतंय हे शिक्का बघून कळणार नाही.

१०२, बाबा: आणि दुकान! ते कुणी बोलतच नाहीये. आमच्याकडे दुसऱ्या एका गेममध्ये कार्ड सेव्ह होतं. लेकीने टोप्या घेतल्या, पंख घेतले, आम्हाला मेसेज आला तेव्हा कळलं. ती म्हणते मी तर फक्त हिरवं बटण दाबलं.

५०४, दादा: फॉल गाईजमध्येही दुकान आहे. ऑगस्ट २०२० मध्ये आला तेव्हा गेम विकत घ्यावा लागायचा. २०२१ मध्ये एपिक गेम्सने मीडियाटॉनिक कंपनी घेतली आणि २१ जून २०२२ पासून गेम फुकट झाला. फुकट झाला म्हणजे पैसे दुसरीकडून येणार, हे उघड आहे. पैसे देऊन शो-बक्स, म्हणजे गेममधली नाणी, घ्यायची आणि शो-बक्स देऊन कपडे. एक गोष्ट बरी की कपड्यांनी जिंकायला काडीची मदत होत नाही. अननसाच्या वेशातला गडी बिनकपड्याच्या गड्याइतकाच आपटतो.

१०२, बाबा: सात वर्षांच्या मुलाला हे सांगून पटतंय होय! ‘थोडेच दिवस मिळेल’ असं दिसलं की संपलं.

५०४, दादा: हो, दुकानातला माल बदलत राहतो, ती गंमत मुलांवर बरोबर चालते. तुमच्या हिरव्या बटणावरून आठवलं. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या प्रकरणात एपिकने ५२ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. त्यातले साडेसत्तावीस कोटी मुलांची माहिती पालकांना न विचारता गोळा केल्याच्या आरोपावरून दंड म्हणून, आणि साडेचोवीस कोटी चुकून खरेदी होईल अशी बटणं ठेवल्याच्या आरोपावरून ग्राहकांना परत द्यायला. ते प्रकरण फोर्टनाइट या एपिकच्याच दुसऱ्या गेमचं होतं, फॉल गाईजचं नाही. पण मालक एकच.

२०१, काका: बघा. मी म्हणत होतो.

५०४, दादा: काका, तुम्ही ढकलाढकलीबद्दल म्हणत होतात.

४०२, आई: मग नकोच का देऊ?

५०४, दादा: द्या की. फक्त अकाउंट काढताना त्याची खरी जन्मतारीख टाका. त्या दंडाच्याच सुमारास एपिकने लहान मुलांसाठी वेगळं अकाउंट आणलं. वय १३ च्या खाली दिसलं की ते पालकाचा ईमेल मागतं, आणि पालकाने परवानगी देईपर्यंत चॅट बंद, पैशाची खरेदी बंद. खेळता मात्र येतं. पुढे काय उघडायचं ते तुम्ही एकेक करून ठरवायचं, त्याला पिन लावता येतो.

१०२, बाबा: सगळे स्वतःचीच तारीख टाकतात, पटकन होतं म्हणून. आणि मग सातवीतला पोरगा गेमच्या लेखी बेचाळीस वर्षांचा.

३०३, ताई: आणि बेचाळीस वर्षांच्या माणसाला गेम कशाला काय अडवेल! कार्ड जोडूच नका, हे माझंही मत.

६०१, आईचा फोन: मी ६०१ मधला आहे, आईच्या फोनवरून लिहितोय. मी रोज खेळतो. चॅट बंद असलं तरी मजा येते. फक्त टीमवाला राउंड आला की डोकं फिरतं. आपण अंडी जमवायची आणि आपल्याच टीममधला एक जण नुसता कोपऱ्यात नाचत असतो!! आणि शेवटच्या रेषेवर मागून पकडून ठेवतात.

३०३, ताई: हे पोरगं बरोबर सांगतंय. रडारड पडल्याने होत नाही, त्या पकडण्याने होते. समोर रेषा दिसतेय, कुणीतरी धरून ठेवलंय, आणि बाकीचे पुढे गेल्याने पुढच्या राउंडच्या जागा भरल्या. एकट्याच्या चुकीने हरलेलं मुलांना पचतं. दुसऱ्याने हरवलं की कंट्रोलर भिंतीवर.

४०२, आई: आमचा तर सापशिडीतही रडतो.

३०३, ताई: मग सुरुवातीला शेजारी बसा. दोनतीन वेळा तुम्ही स्वतः खेळा. आई पहिल्याच दाराला थडकून बाद झाली की त्याला जगातली सगळ्यात मोठी गंमत वाटेल.

५०४, दादा: दारांची शर्यत खास आहे. ओळीने दारं, काही खरी, काही खोटी. खोट्यावर आदळलं की उताणं. शहाणी मुलं जरा मागे थांबतात, पुढच्याला आदळू देतात आणि उघडलेल्या दारातून निघतात. माझा भाचा तसंच करतो, मी अजूनही दार फोडायला पुढे.

६०१, आईचा फोन: षटकोनी फरश्यांचा पण मस्त आहे. पाय पडला की फरशी गायब. पळायचं नाही, एकेका फरशीवर छोट्या उड्या मारायच्या.

६०१, आई: फोन परत घेतला आहे. आमच्याकडचं खरं भांडण वेगळंच आहे, वेळेचं. ऑनलाइन असल्याने मधे थांबवता येत नाही. जेवायला हाक मारली की ‘राउंड चालू आहे’. राउंड काही मिनिटांचाच असतो, पण तो संपला की पुढचा, असं मुकुटापर्यंत. आणि पहिल्याच राउंडला बाद झाला तर म्हणतो हा धरायचा नाही, खेळलोच कुठे!

१०२, बाबा: वकील होणार तो.

६०१, आई: शेवटी ठरलं की घड्याळ लावायचं, आणि ते वाजलं तेव्हा चालू असलेला राउंड पुरा करायचा, पुढे पात्र झाला तरी उठायचं. पहिल्या दिवशी फायनलला पोचला होता. काय तमाशा झाला म्हणून सांगू. पण आम्ही हललो नाही, आता सवय झाली.

३०३, ताई: मला नुसत्या घड्याळापेक्षा हे बरं वाटतं. अर्ध्या उडीत टीव्ही बंद केला तर मोठ्यांनाही राग येईल.

२०१, काका: आम्हाला मॅच चालू असताना करतातच की.

४०२, आई: बरं, मग असं करते. हॉलमधल्या टीव्हीवरच, फोनवर नाही. खरी जन्मतारीख, चॅट बंद, कार्ड नाही. शनिवार-रविवार, आणि ६०१ वाला नियम. अजून काही राहिलं?

५०४, दादा: मित्र खेळत असतील तर आपल्याच ओळखीच्यांचा खाजगी शो, म्हणजे सामनासुद्धा करता येतो, अनोळखी लोक येतच नाहीत. आणि २०२३ पासून लोकांनी स्वतः बनवलेले अडथळ्यांचे मार्ग असतात त्यात. काही भन्नाट, काही अगदीच रटाळ. ते आधी तुम्ही बघून घ्या.

४०२, आई: ठीक. परवानगीचा तो ईमेल माझा देऊ की त्याच्या बाबांचा?

५०४, दादा: ज्याचा रोज उघडला जातो त्याचा.

४०२, आई: मग माझाच.