मोजसंख्या की नैसर्गिक संख्या?

पाटीपेन्सिल: पहिलीच्या कृतिपत्रिका इंग्रजीतून मराठीत आणतेय. ‘नॅचरल नंबर’साठी ‘मोजसंख्या’ लिहिलं होतं, संपादकांनी खोडून ‘नैसर्गिक संख्या’ केलं. त्यात पहिल्याच चित्रात रिकामी ताटली आणि खाली ०. शून्य मोजसंख्येत धरायचं का?

सव्वासात: नाही. शालेय गणितात मोजसंख्या म्हणजेच नैसर्गिक संख्या, १ पासून पुढे. शून्य घेतलं की पूर्ण संख्या, ऋण संख्याही आल्या की पूर्णांक. ‘पूर्ण’ आणि ‘पूर्णांक’ ही जोडी ज्याने लावली त्याला दंडवत. वर ‘पूर्णांकयुक्त अपूर्णांक’ आहेच.

काथ्याकूट: इतकं ठाम नको. इटालियन गणिती पेआनोने १८८९ मध्ये नैसर्गिक संख्यांची सुरुवात १ पासून केली आणि पुढे स्वतःच ० वर आला. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या प्रमाणकात तर नैसर्गिक संख्यांच्या संचात शून्य आहे.

सव्वासात: सहा वर्षांच्या पोराला पेआनो कशाला?

खडूफळा: दोन्ही शब्द शिक्षकांच्या सूचनांत जाऊ द्या, मुलांच्या पानावर एकही नको. आणि ताटली मागे सरकवा. आधी पाच चिंचोके ओळीत. प्रत्येकावर बोट, प्रत्येक बोटाला एकच शब्द. मोजून झाल्यावर “किती?” विचारा. मूल पुन्हा “एक, दोन…” सुरू झालं, तर शेवटचा उच्चारलेला शब्द म्हणजेच एकूण, हे त्याला उमगलेलं नाही. मग तेच चिंचोके फाकवून ठेवा नि पुन्हा विचारा. पुष्कळ मुलं “आता जास्त” म्हणतात. गोलात मांडले तर कुठून सुरू केलं हे विसरून फिरतच राहतात. तिथे एक वेगळ्या रंगाचा ठेवावा. शून्य सगळ्यात शेवटी: एकेक उचलत उलट मोजायचं, आणि मूल “काहीच नाही” म्हणालं की मगच ० लिहायचं.

पाटीपेन्सिल: चित्रांचा क्रम ठरलेला आहे हो. शब्दाचं बोला.

दीडशहाणा: शब्दच काढायचे तर खरी गोची विसाच्या पुढे. ‘बेचाळीस’ ऐकून मूल आधी २ लिहितं, मग ४, झाले चोवीस. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ आलं ते याचसाठी, तर भाषा बुडाल्याचा गदारोळ.

सव्वासात: बाजारात ‘चाळीस दोन रुपये’ म्हणून बघा.

दीडशहाणा: कानडीत ‘इप्पत्तोंदु’ म्हणजे सरळ वीस-एक. तिथला बाजार चालतोच.

काथ्याकूट: आणि ‘एकोण’चं काय? एक ऊन, म्हणजे एक कमी. एकोणतीस ऐकून २९ लिहायला मुलाला आधी तीस आठवून एक मागे यावं लागतं. एकोणनव्वदपर्यंत हा नियम टिकतो, नव्व्याण्णवला मोडतो.

सव्वासात: मोडत नाही. ते संस्कृत ‘नवनवति’वरून आलंय. हिंदीत ८९ सुद्धा ‘नवासी’ आहे, आपणच तिथे एकोण लावला.

काथ्याकूट: मग ‘एकोणशंभर’ का नाही?

खडूफळा: यासाठी नवा धागा काढा.