ऑफिसात दिलेल्या आधार-पॅनच्या कॉपीवरून सहकाऱ्याच्या नावावर कर्ज निघालंय, आता ऑफिसात काय काय बदलायचं?

सावनी_अंधेरी:
नमस्कार. जरा मोठं होईल पण पूर्ण वाचा प्लीज. अंधेरी एमआयडीसीत आमची क्लिअरिंग-फॉरवर्डिंगची कंपनी आहे, सगळे मिळून १४० जण. गेल्या महिन्यात आमच्या डॉक्युमेंटेशनच्या एका मुलाला वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले, हप्ते थकलेत, भरा नाहीतर घरी येऊ. त्याने आजवर कुणाकडून एक रुपया कर्ज घेतलेलं नाही. सिबिल रिपोर्ट काढला तर दोन लोन, दोन्ही अ‍ॅपवरून. भांडून भांडून त्या लोनवाल्यांकडून केवायसीचे कागद मिळवले आणि त्यात जो फोटो होता तो बघून आम्ही गारच पडलो, कारण तो निळ्या शर्टातला फोटो त्याने फक्त आमच्या जॉइनिंग फॉर्मसाठी काढला होता, दुसरीकडे कुठेच दिला नव्हता. म्हणजे कागद आमच्याकडूनच बाहेर गेलेत. मग बघितलं तर शेअर्ड ड्राइव्हवर सगळ्यांच्या आधार, पॅन, कॅन्सल चेकचं फोल्डर पडलेलं, ऑफिसातल्या कुणालाही उघडता येईल असं. शिवाय एचआर हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर मागवतं ते वेगळंच. मुलगा विरारला आईबरोबर राहतो, दोघं झोपलेली नाहीत नीट. सरांनी मला सांगितलंय की नियम लिहून दे, पण मी अकाउंट्सची, सुरुवात कुठून करू? आणि त्याच्यासाठी आधी काय करायचं?

पगारबुक_परळ:
आधी त्या मुलाचं बघा, नियम दोन दिवसांनी लिहिले तरी चालतील. नॅशनल सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाका, १९३० हेल्पलाइनवरही सांगा, आणि प्रिंट घेऊन पोलीस स्टेशनला जा. दुसऱ्याची ओळख वापरणं हा आयटी कायद्याच्या कलम ६६सी खाली गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड, त्यामुळे कुणी "हे तुमचं आपसातलं आहे" म्हणालं तर ऐकून परत येऊ नका. सिबिलसारख्याच, कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या बाकीच्या तीन कंपन्यांचे रिपोर्ट पण काढा, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, वर्षातून एकदा प्रत्येकाकडून फुकट मिळतो. कर्ज माझं नाही अशी तक्रार लेखी नोंदवा, ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या दर दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्याच्या नावावर सिम किती चालू आहेत ते संचार साथी या सरकारी पोर्टलवर बघा. इन्कम टॅक्सच्या साइटवर एआयएस, म्हणजे वर्षभराच्या उत्पन्न-व्यवहारांचा तक्ता, पण उघडा, त्याच्या पॅनवर दुसऱ्याच कुणी पगार किंवा व्यवहार दाखवला असेल तर तिथे दिसतो.

आता ऑफिसचं. मी १२ वर्षं पेरोल करतोय. आमच्याकडे एकदा २६ तारखेला एका सेल्सवाल्या मुलीच्या नावाने मेल आला की खातं बदललंय, या नव्या खात्यात पगार टाका. नाव तेच, सही तीच, पत्त्यात फक्त एक अक्षर वेगळं. घाईत टाकला गेला. १ तारखेला ती समोर येऊन उभी राहिली, मुलाची फी भरायची होती तिला, तो चेहरा मी विसरलेलो नाही. तेव्हापासून खातं बदलायचं असेल तर माणसाने समोर यायचं, नाहीतर आमच्या जुन्या रेकॉर्डमधल्या नंबरवर आम्ही फोन करणार, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर कधीच नाही. आणि साहेबाच्या नावाने "अर्जंट आहे, कुणाला सांगू नको" असं आलं तरी हाच नियम. सरांकडून हे लेखी घ्या, कारण ज्युनिअर मुलांना उलट फोन करून विचारायची भीती वाटते, आणि चोर त्या भीतीवरच खेळतो.

सर्व्हररूम_ठाणे:
ताई, ते फोल्डर घाईघाईने डिलीट करू नका!! आधी अ‍ॅक्सेस बंद करा, फक्त एचआरची दोन माणसं ठेवा, आणि कोणी कधी उघडलं, कॉपी केलं त्याचे लॉग वेगळे काढून ठेवा, पोलिसांना तेच लागणार. सर्ट-इन, म्हणजे सायबर सुरक्षेची सरकारी संस्था, तिच्या एप्रिल २०२२ च्या आदेशात आयडेंटिटी थेफ्ट आणि डेटा ब्रीच दोन्ही आहेत, लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचं असतं, आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. तुमचे ६ तास कधीच गेले असतील, तरी आजच कळवा. सर अजून थंड असतील तर त्यांना सांगा, २०२३ च्या डिजिटल डेटा संरक्षण कायद्यात माहिती नीट न सांभाळल्याबद्दल २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे.

मग एक चक्कर मारा ऑफिसात. झेरॉक्स-स्कॅनर मशीनमध्ये हार्ड डिस्क असू शकते, स्कॅन तिथेच साठत राहतात, आम्हाला एका मशीनमध्ये तीन वर्षांचे सापडले. सोडून गेलेल्यांचे लॉगिन चालू आहेत का ते बघा, माणूस ज्या दिवशी जातो त्याच संध्याकाळी बंद व्हायला पाहिजे. चार जण मिळून एक पासवर्ड वापरत असतील तर चोरी झाल्यावर कोणी केली हे कधीच कळणार नाही.

शुभा_मावशी:
बाळा, मी ३१ वर्षं पर्सोनेलमध्ये काढली, आता डोंबिवलीला घरी असते. एक मात्र आधी सांगते, अशा वेळी सगळ्यांची नजर पहिल्यांदा शिपायावर नाहीतर हाउसकीपिंगच्या पोरावर जाते. पुरावा हातात येईपर्यंत कुणाचं नाव घेऊ देऊ नकोस. आमच्याकडे एका पोराला असंच काढलं होतं, आणि कागद निघाले भरती एजन्सीच्या माणसाकडून. मला अजून वाईट वाटतं त्याचं.

आता मुद्दा. आपण कागद मागतोच फार. मुलाखतीला आलेल्याकडे आधार कशाला हवं? पीएफसाठी लागतं, तर ते रुजू झाल्यावर घे, एकदाच. बाकी ओळख पटवायला मास्क्ड आधार चालतं, पहिले ८ आकडे झाकलेले असतात, शेवटचे ४ दिसतात, आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून कुणालाही काढता येतं. झेरॉक्स घेतलीच तर तिच्यावर आडवं लिहून घे, कशासाठी दिली, कुणाला, तारीख काय. आणि ज्यांना घेतलं नाही त्यांचे कागद महिन्याभरात श्रेडरला, रद्दीवाल्याला देऊ नका. आमच्या काळी रद्दी किलोवर जायची, अख्खे बायोडेटा त्यात, कुणाला काही वाटायचं नाही.

सावनी_अंधेरी:
सगळ्यांचे खूप आभार. अ‍ॅक्सेस काल रात्रीच बंद केला, लॉग आयटीवाल्याने पेन ड्राइव्हवर घेतलेत, आज सकाळी डॉक्युमेंटेशनच्या मुलाबरोबर मी स्वतः पोलीस स्टेशनला गेले, तक्रार घेतली त्यांनी. मावशी, तुमचं वाचून मी सरांशी बोलले, कारण हाउसकीपिंगच्या मुलाचं नाव खरंच कुजबुजत होते. त्या फोल्डरमध्ये सोडून गेलेल्या ६० जणांचे कागद पण निघालेत. त्यांना प्रत्येकाला मी फोन करून सांगणार आहे की सिबिल बघून घ्या. आज नऊ जण झाले.