आधी शरीर तयार करा, मग खेळ: हा क्रम बरोबर आहे का?

वाकडी_वाट
माझ्या भाच्याला डीसीडी आहे, म्हणजे हालचालींचा मेळ बसवण्यातली अडचण. बुद्धी तल्लख, नजर साफ, पण बटण लावताना आणि चेंडू झेलताना शरीर ऐकत नाही. शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी साधारण ५ ते ६ टक्के मुलांना हा त्रास असतो, आणि बहुतेकांवर नुसता 'वेंधळा' असा शिक्का बसतो.

त्याचे व्यायाम बरेच दिवस चालू आहेत. डुगडुगत्या फळीवर तोल सांभाळायचा, मोठ्या चेंडूवर पालथं पडायचं, मणी ओवायचे. आणि मैदान? "अजून तयारी झालेली नाही." मला हा क्रमच उलटा वाटतो. फळीवर उभं राहून मूल फळीवर उभं राहण्यात पटाईत होतं. झेल घ्यायचा तर झेलच घ्यायला लागतो. डीसीडीबद्दलच्या २०१९ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींचा भरही असाच आहे: जे काम जमायला हवं, त्याचाच सराव.

तो झेल कसा घेतो ते बघा. चेंडू सुटायच्या आधीच दोन्ही हात काठीसारखे पुढे. चेंडू जवळ आला की डोळे मिटतात. चेंडू छातीवर आपटून खाली पडतो आणि मग टाळी वाजते. यात फळी काय करणार? फुगा द्या, तो सावकाश येतो. मग मोठा मऊ चेंडू, एक टप्पा पडून. नजर कुठे ठेवायची ते त्यालाच ठरवू द्या, करून बघू द्या, काय चुकलं तेही त्यालाच सांगू द्या.

मणका
मी फिजिओ आहे, त्यामुळे माझा पक्ष कुठला ते उघड आहे. तुमच्या भाच्यापुरतं बरंचसं पटलं. पण धाग्याचं नाव वाचून डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाचे पालक उद्या त्याला कोलांटी मारायला लावतील. या मुलांचे अस्थिबंध, म्हणजे हाडांना हाडं जोडणारे पट्टे, सैल असतात आणि काहींच्या मानेचे वरचे दोन मणके एकमेकांवर सरकतात. कोलांटी, सूर मारणं, डोक्याने चेंडू मारणं, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही म्हणजे नाही.

सेरेब्रल पाल्सीत, म्हणजे लहान वयातच मेंदूला इजा होऊन हालचालींवर परिणाम होतो त्यात, ताकद हा वेगळाच विषय आहे. ताकदीच्या व्यायामाने स्नायूंचा ताठरपणा वाढेल, या भीतीने पूर्वी तो टाळायचे. तसं होत नाही हे नंतर कळलं. म्हणून आम्ही पायाची ताकद वाढवतो. तिला 'वेळकाढूपणा' म्हणायचं असेल तर म्हणा.

वाकडी_वाट
वेळकाढूपणा हा शब्द तुमचा, माझा नव्हे. :) मानेचं शंभर टक्के मान्य. ताकदीचंही. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचना अपंगत्व असलेल्या मुलांनाही तेवढ्याच लागू आहेत: दिवसाला सरासरी ६० मिनिटं धाप लागेल अशी हालचाल, आठवड्यातून तीन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम. फळीवर धाप लागते का? आणि 'तयार' झाल्याचं कोण आणि कधी सांगणार, याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

बीसी२
तुमचं दोघांचं चालू दे, पण शरीर बदलायचं सोडून खेळ बदलायचं कुणाच्याच डोक्यात येत नाहीये.

मला सेरेब्रल पाल्सी आहे, व्हीलचेअरवर असतो. शाळेत मला 'सामावून' घेतलं होतं, म्हणजे सावलीत बसवून गुण लिहायला दिले होते. लिंबूटिंबू तरी निदान धावतो! मग बोचिया सापडला. चामडी चेंडू, सुमारे २७५ ग्रॅम, पांढऱ्या चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ टाकायचा. ज्यांना हाताने टाकता येत नाही ते उतरत्या पन्हळीवरून सोडतात. पन्हळ सरकवणारा मदतनीस मैदानाकडे पाठ करून बसतो, म्हणजे डोकं खेळाडूचंच चालतं. १९८४ पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे. अंधांसाठीचा गोलबॉल बघा, तिथे सगळ्यांच्याच डोळ्यांवर पट्टी, त्यामुळे कुणाला थोडं दिसत असेल तरी फायदा शून्य.

माझं मत स्पष्ट आहे: वेगळा खेळ, वेगळा संघ. सगळ्यांत मिसळून शेवटचं येण्याची हौस मला नाही.

एक_आई
बीसी२, हे मोठ्यांना ठीक आहे. माझ्या मुलीला तिच्या मैत्रिणी जो खेळतात तोच खेळायचाय. वेगळा संघ म्हणजे तिला पुन्हा एकदा बाजूला काढणं.

बीसी२
ताई, ती म्हणते तेच करा. माझं मत माझ्यापुरतं.

शिट्टी
खेळाचा मास्तर बोलतोय. वरचं सगळं वाचायला छान आहे. माझ्यासमोर पन्नासेक मुलं, मी एकटा, तास पस्तीस मिनिटांचा. एकाला टप्पा पडलेला झेल चालतो म्हटलं की बाकीची ओरडतात, "सर, ही चीटिंग आहे!" त्यांचंही चुकत नाही. नियम सगळ्यांना एकच, हे मीच शिकवलेलं असतं. फुगा कुणाला, चेंडू कुणाला, हे मी धावपळीत ठरवत बसू?

मणका
सर, एकासाठी नियम वाकवू नका, सगळ्यांसाठीच बदला. बसून व्हॉलीबॉल घ्या. मैदान १० बाय ६ मीटर, पुरुषांच्या सामन्यात जाळी १.१५ मीटर उंच, मुलांसाठी आणखी खाली बांधा. चेंडूला हात लावताना बूड जमिनीवरच हवं. जोरात पळणारी मुलंही चाचपडतात. आणि वाकडी_वाट, तुमच्या भाच्याला पायांचा तोल सांभाळायचा नसेल, तर सगळं लक्ष हातांकडे देता येईल. सुरुवातीला मऊ चेंडू घ्या.

(हो, मी फळीची बाजू सोडून खेळाबद्दल बोलतेय. माझे पेशंट हा धागा वाचत नसावेत.)

वाकडी_वाट
म्हणजे खेळ आधी!

मणका
खेळही. 'आधी' मी म्हटलेलं नाही.

शिट्टी
बसून व्हॉलीबॉल घेऊन बघतो, जाळीच्या जागी दोरी चालेल. गुण मात्र मोजणार. हरलं तर हरलं, लिंबूटिंबू कुणी नाही.