एलोन मोरे : १९७९ चा निकाल जमीनमालकांचा विजय होता का?

मूळ धागा
माझ्या मते होता, आणि मोठा होता. ५ जून १९७९ ला इस्रायली लष्करानं वेस्ट बँकमधल्या (१९६७ पासून इस्रायलच्या ताब्यातला पॅलेस्टिनी प्रदेश) नाब्लुस शहराजवळच्या रुजैब गावची सुमारे ७०० दुनम जमीन ताब्यात घेण्याचा हुकूम काढला (एक दुनम म्हणजे हजार चौरस मीटर). दोनच दिवसांत गुश एमुनीम या ज्यू वसाहती वसवणाऱ्या चळवळीचे लोक एलोन मोरे ही वस्ती उभारायला टेकडीवर हजर! १७ मालक इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. २२ ऑक्टोबरला त्यांच्या जमिनीपुरता हुकूम रद्द झाला, जागा सोडायला ३० दिवस मिळाले. त्याच वर्षी मार्चमध्ये बेत एल या दुसऱ्या वसाहतीविरुद्धच्या खटल्यात जमीनमालक हरले होते, हे विसरू नका.

प्रतिसाद १
सहमत. सरकार म्हणत होतं, लष्करी गरज. वसाहतवाल्यांनी प्रतिज्ञापत्रात लिहिलं की ही वस्ती ईश्वरी आज्ञेनं आहे आणि कायमची आहे. कायमची वस्ती तात्पुरत्या लष्करी ताब्यावर उभी राहत नाही. दावा तिथेच कोसळला. माजी लष्करप्रमुख बार-लेव्ह यांनीही गरज नसल्याचं लिहून दिलं होतं.

प्रतिसाद २
साफ असहमत. वस्ती गेली कुठे? नाब्लुसच्या ईशान्येला, जबल कबीर या डोंगरावर. आजही तिथेच आहे. खासगी जमीन अडचणीची ठरली, तशी सरकारनं 'सरकारी जमिनी'ची वाट धरली. आधार १८५८ चा उस्मानी कायदा : मिरी जमीन (मालकी राज्याची, कसण्याचा हक्क शेतकऱ्याचा) दहा वर्षं सलग कसली तरच कसणाऱ्याचा हक्क. मग हवाई छायाचित्रं काढायची, करवह्या तपासायच्या, टेकडी पायी फिरायची. तुकड्याचा निम्म्याहून कमी भाग कसलेला दिसला की तो तुकडा पडीक, म्हणजे सरकारी. डोंगरउतारावर दगडांच्या बांधांमध्ये चार ऑलिव्हची झाडं असतात, बाकी कातळ. तिथे निम्मा भाग भरणार कसा?

प्रतिसाद ३
कायदा इस्रायलनं रचलेला नाही, १९६७ पूर्वी जॉर्डनची सत्ता होती तेव्हाही तोच लागू होता. कसलेले तुकडे वगळलेही गेले, म्हणून तर कित्येक वसाहतींच्या हद्दी नकाशावर वेड्यावाकड्या दिसतात. शिवाय हरकतीला ४५ दिवस मिळतात.

प्रतिसाद २ चं उत्तर
४५ दिवस, पण कोणापुढे? लष्करानंच नेमलेल्या समितीपुढे. पुरावा शेतकऱ्यानं द्यायचा, मोजणीदाराचा नकाशा त्यानंच आणायचा. जमीन सरकारी झाल्याच्या घोषणेची खबर मुख्तारला, म्हणजे गावच्या मुखियाला, तोंडी मिळते. ती शेतकऱ्यापर्यंत पोचेतो मुदत संपलेली असू शकते. वेस्ट बँकच्या सुमारे एक तृतीयांश जमिनीचीच नोंदणी १९६७ पर्यंत पुरी झाली होती, आणि नंतर ते काम लष्करानं थांबवलं. रुजैबच्या १७ जणांची नावं नोंदणीत होती. शेजारच्या गावात तशीच कसलेली जमीन बिननोंदीची असेल, तर हा निकाल तिच्या काय कामाचा?