शेक संपल्यावर मानेतल्या रक्तवाहिन्यांकडे कोण बघणार?

कृष्णाकाठ:
माझ्या मामांना गालाचा कॅन्सर झाला, तंबाखूचाच. ऑपरेशन झालं, मग चेहऱ्यावर तो जाळीचा मास्क आवळून सहा आठवडे मानेला शेक, म्हणजे रेडिएशन, एकूण ६० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप). तीन महिन्यांनी पेट (PET) स्कॅन केला, कॅन्सर कुठे दिसत नाही म्हटल्यावर घरात पेढे वाटले. रिपोर्टात खाली एक ओळ होती, उजव्या कॅरोटिडच्या (मानेतून मेंदूला रक्त नेणारी मोठी रक्तवाहिनी) भिंतीत सौम्य अपटेक, म्हणजे तो भाग स्कॅनमध्ये थोडा चमकतोय, रेडिएशननंतरचे बदल. त्यावर कोणी अवाक्षर काढलं नाही. काही वर्षांनी मामांची डावी बाजू लकव्याने गेली (शरीराची डावी बाजू मेंदूचा उजवा भाग चालवतो), तेव्हा डॉपलर, म्हणजे रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी, केला तर उजवी कॅरोटिड बरीच अरुंद झालेली.
शेकामुळे रक्तवाहिनीचं आतलं अस्तर दुखावतं, तिथे सूज धरते, मग भिंत जाड आणि कडक होत जाते, आणि हे सगळं गुपचूप वर्षानुवर्षं चालतं. पेटमध्ये दिलेली किरणोत्सारी साखर कॅन्सरच्या पेशी खातात तशाच सुजेतल्या पेशीही खातात, म्हणजे सूज आधीच दिसू शकते. तो स्कॅन तसाही होतोच, मग मानेच्या रक्तवाहिन्यांवर रिपोर्टात वेगळा परिच्छेद का नको? माझं ठाम मत आहे की हे सक्तीचं व्हावं.

पेटरूम:
मामांबद्दल वाचून खरंच वाईट वाटलं, पण सक्तीला माझा विरोध आहे. मी या मशीनवरच काम करतो. पेटला साधारण चार-पाच मिलिमीटरपेक्षा बारीक गोष्ट नीट वेगळी दिसत नाही आणि कॅरोटिडची भिंत जेमतेम एक मिलिमीटर. शेजारी शेकाने लाल झालेले स्नायू, गाठी, घसा, सगळंच चमकत असतं. इंजेक्शननंतर तासभर बोलू नका, काही चघळू नका असं आम्ही पेशंटला बजावतो, कारण नुसतं बोललं तरी स्वरयंत्राचे स्नायू साखर ओढतात. अशा चित्रावरून भिंतीला सूज आहे म्हणून ठासून लिहायचं आणि पेशंटने आयुष्यभर धास्ती घ्यायची, हे मला पटत नाही. ब्रिटनमध्ये ५६४ पेशंटवर झालेल्या ट्रायलमध्ये (२०१६ साली छापून आली) उपचारानंतर बारा आठवड्यांनी केलेल्या पेटमुळे मानेच्या गाठींचं बरंच मोठं ऑपरेशन बहुतेकांचं टळलं. तो स्कॅन त्या कामासाठी आहे.

सह्याद्रीकन्या:
@पेटरूम तुमचं मशीनचं ज्ञान मान्य, पण "ते या कामासाठी नाही" हे उत्तर पेशंटच्या काय उपयोगाचं? माझ्या बहिणीला डाव्या स्तनाचा शेक झालाय म्हणून मी यावर बरंच वाचलंय. स्तनाचा शेक झालेल्या स्वीडन आणि डेन्मार्कच्या बायकांचा २०१३ साली अभ्यास आला होता, हृदयाला सरासरी जितके ग्रे बसतात त्यातल्या प्रत्येक ग्रेमागे हार्टच्या मोठ्या त्रासाची शक्यता ७.४ टक्क्यांनी वाढते, पहिल्या पाच वर्षांतच सुरू होते आणि वीस वर्षांपर्यंत तरी राहते. वीस वर्षं! आपल्याकडे पाच वर्षं झाली की फॉलोअप विरळ होतो आणि पुढे ताप-सर्दीच्या डॉक्टरला शेक झालाय हेही कोणी सांगत नाही. कृष्णाकाठ यांना माझा पूर्ण पाठिंबा.

बार्शीकर:
मी असहमत. समजा रिपोर्टात सूज आली, पुढे काय करायचं? शेकानंतरच्या या सुजेवर ठरलेलं असं खास औषध नाही. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल ताब्यात ठेवा, तंबाखू-विडी बंद करा, लागलं तर स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी), हेच सांगणार ना? मग ते स्कॅनशिवायही प्रत्येकाला सांगता येतं आणि सांगायलाच पाहिजे. आमच्या भागातला माणूस परळला टाटाला रात्रभर प्रवास करून जातो, सोबत एक माणूस, दोघांची मजुरी बुडते, त्यात उगाच अजून एक तपासणी मागे लावू नका.

कृष्णाकाठ:
@बार्शीकर मी जादा स्कॅन मागतच नाहीये, झालेल्या स्कॅनमधलं वाचून सांगा म्हणतोय. आणि "सगळ्यांना सांगतोच" म्हणता, पण आमच्या मामांना कोणी सांगितलं नव्हतं हो. तंबाखू सुटली होती पण बीपीची गोळी अधूनमधूनच घ्यायचे, मानेची नस बारीक होतेय हे कळलं असतं तर मामीने एक दिवस चुकू दिली नसती. माणूस छापील कागदाला घाबरतो, तोंडी सल्ल्याला नाही.

पेटरूम:
घाबरवण्यासाठी रिपोर्ट लिहायचा याला माझा विरोध कायम आहे. पण डॉपलरच्या बाबतीत मी तुमच्या बाजूने. सोनोग्राफीच आहे, किरणं नाहीत, उपाशी राहणं नाही, पेटच्या मानाने खर्च अगदी थोडा, जिल्ह्याच्या गावी होतो. सूज दाखवत नाही, पण भिंतीची जाडी आणि नस किती अरुंद झाली ते दाखवतो, आणि फारच अरुंद झाली असेल तर स्टेंट किंवा ऑपरेशनचा विचार करता येतो. मानेला शेक झालेल्याने ठरावीक वर्षांनी तो करून घ्यावा, आणि डिस्चार्ज कार्डावर किती ग्रे, मानेच्या कुठल्या बाजूला, हे मोठ्या अक्षरात असावं.

सह्याद्रीकन्या:
कार्डावर लिहायचं पटलं. पण ठरावीक म्हणजे किती वर्षांनी, आणि पहिला डॉपलर शेकाच्या आधीच करून ठेवला तर नंतर तुलनेला बरा नाही का पडणार?

बार्शीकर:
शेकाच्या आधीचा मला पटतो. त्यासाठी वेगळी खेप पडत नाही, मास्क बनवायला माणूस तिथेच आलेला असतो.